हेडलाइटमधली वाफ : कोणतं काम घ्यायचं आणि कोणती गाडी तशीच परत पाठवायची



पावसाळा लागला की एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, गाड्यांच्या हेडलाइटमध्ये आतून वाफ धरते. हे काम शिकलो तर धंदा होईल का?’ होईल, पण एकट्या या कामावर घर चालणार नाही. वॉशिंग सेंटर, बॅटरीचं दुकान किंवा ऑटो इलेक्ट्रिकचं काम आधीच करत असाल तर त्याला जोडून हे काम चांगलं बसतं. आणि यातली खरी कला दुरुस्तीत कमी आहे, तपासणीत जास्त आहे. वाफ धरलेल्या बऱ्याच गाड्यांना दुरुस्ती लागतच नाही. ज्यांना लागते त्यांना ती वेळेवर मिळाली नाही तर रात्री लाइट बंद पडतो. या दोन गाड्या वेगळ्या ओळखता येणं, हेच तुमचं भांडवल.

उदाहरणासाठी मी जिवती धरतोय. तुमचं गाव दुसरं असेल, पण हिशेब असाच मांडायचा. जिवती माणिकगड पहाडावर, तेलंगणाच्या हद्दीला लागून. तालुक्याला रेल्वे नाही. मोठा बाजार, मोठा दवाखाना, गाडीचे सुटे भाग, काहीही पाहिजे असलं तर पहाड उतरून गडचांदूरला, नाहीतर पुढे चंद्रपूरला जायचं. म्हणजे गाडी हीच सगळ्यांची सोय. प्रवासी घेणाऱ्या काळ्या-पिवळ्या, कापूस वाहणारे पिकअप, घरच्या बोलेरो, आणि मोटरसायकली तर दारोदारी. रात्री अडलेली बाई घेऊन वळणावळणाचा रस्ता उतरणारी गाडी यांतलीच एखादी असते. तिचा लाइट वळणावर गेला तर पुढे काय होऊ शकतं हे पहाडावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून ‘थोडी वाफ आहे, काही नाही होत’ असं न बघता बोलणारा मिस्त्री मला आवडत नाही. आणि न बघता ‘पूर्ण लाइट बदलावा लागेल’ म्हणणारा तर त्याहून नाही.

वाफ येते कुठून

आधी एक गैरसमज काढू. गिऱ्हाईक म्हणतं, ‘लाइट तर पॅक असतो, मग वाफ शिरलीच कशी?’ हेडलाइट पॅक नसतो. जुन्या जीपगाड्यांमध्ये सीलबंद काचेचे दिवे यायचे, त्यात काच, तार, आरसा सगळं एकाच तुकड्यात बंद. तार जळाली की आख्खा दिवा फेकायचा. आताचा हेडलाइट म्हणजे मागे प्लॅस्टिकचा डबा, पुढे पॉलिकार्बोनेटची पारदर्शक लेन्स, आणि दोघांना जोडणारा चिकट सीलंट. आपण काच म्हणतो, पण ती काच नसते. या डब्याला कंपनीनेच मागच्या बाजूने हवेची छिद्रं ठेवलेली असतात. कुठे वाकडी रबरी नळी, कुठे छोटी टोपी, कुठे पाणी अडवून हवा जाऊ देणारा बारीक पडदा.

छिद्रं कशाला? लाइट लावला की आतली हवा तापते, फुगते आणि बाहेर जाते. लाइट बंद केला की हवा थंड होते, आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे हेडलाइट श्वास घेतो. छिद्रं नसती तर दाबाने जोड उसवला असता. आता पावसाळ्यात ही आत ओढलेली हवा दमट असते. रात्री नऊ वाजता पहाड चढून आलेली गाडी अंगणात उघड्यावर उभी केली, वरून पाऊस चालू, लेन्स थंड पडली. आतल्या दमट हवेतलं पाणी त्या थंड लेन्सवर बसतं. थंड पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, अगदी तसं. पेल्याला भोक पडलेलं नसतं.

इथे एक छोटा हिशेब करून दाखवतो, कारण पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे. ३० अंश तापमानाची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाणी धरते. तीच हवा २० अंशांवर आली की साधारण १७ ग्रॅमच धरू शकते. उरलेलं १३ ग्रॅम पाणी कुठेतरी बसणार. आता हेडलाइटच्या आतली जागा आपण मोठ्या मनाने १० लिटर धरू. घनमीटरचा शंभरावा भाग. म्हणजे पाणी सुटलं ०.१३ ग्रॅम. थेंबात सांगायचं तर दोन-तीन थेंब.

दोन-तीन थेंब! तेवढ्यानेच आख्खी लेन्स पांढरी दिसते. म्हणून नुसती पांढरी लेन्स बघून घाबरायचं नाही. उलट हेडलाइटच्या तळाशी चमचाभर पाणी साचलेलं दिसलं, तर ते एका रात्रीत हवेतून आलेलं नाही हे लगेच समजा. ते एकतर कुठूनतरी गळून आलंय, नाहीतर हवेची छिद्रं बंद असल्यामुळे रोजचे थेंब बाहेर न जाता साठत गेलेत. दोन्हीत काम आहे.

एलईडीवाल्यांचं गाऱ्हाणं वेगळं असतं. ‘जुन्या गाडीत असं नव्हतं, नवीन घेतली आणि वाफ धरते.’ हॅलोजन बल्ब उजेडाबरोबर भरपूर उष्णता पुढे फेकतो, लेन्स गरम होते आणि वाफ लवकर उडते. एलईडीची उष्णता मागच्या धातूच्या पंख्यांतून निघते, पुढची लेन्स गार राहते. म्हणून एलईडी लाइटमध्ये वाफ जास्त वेळ टिकते. तो बिघाड नाही.

पण बाजारातला एलईडी बल्ब घेऊन हॅलोजनच्या जागी बसवला असेल तर मात्र मागची टोपी आधी बघा. त्या बल्बच्या मागे पंखा असतो, तो लांब असतो, मूळची रबरी टोपी त्यावर बसत नाही. मग कोणी टोपी कापतो, कोणी उघडीच ठेवतो. धूळ, पाणी, किडे, सगळ्यांना आवतण. शिवाय हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये असा बल्ब उजेड कुठेही फेकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. कंपनीच्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही अडकू शकतो. तुम्ही स्वतः असे बल्ब विकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात चार पैसे सुटतात हे मला माहीत आहे.

तपासणी : अर्धा तास, चार प्रश्न

गाडी आली की पान्ह्याला हात लावायच्या आधी विचारायचं. वाफ कधी दिसते, फक्त सकाळी की दिवसभर? एका बाजूला की दोन्हीकडे? हल्ली बल्ब बदलला का, कुठे घासली-ठोकली का? आणि कशाने धुतली?

दोन्ही बाजूंना, सकाळी, पावसात किंवा डिसेंबरच्या थंडीत दिसते आणि उन्हं वर आली की जाते, असं उत्तर आलं तर बहुतेक ती साधी वाफ. एकाच बाजूला आणि दिवसभर असेल तर संशय घ्यायचा. त्यातही त्याच बाजूला कधी गाय, दगड, दुसरी गाडी लागलेली असेल तर लेन्सला किंवा मागच्या डब्याला केसासारखी चीर असणार. बल्ब बदलल्यापासून सुरू झालं असेल तर टोपी नीट बसलेली नाही, नव्वद टक्के नाही म्हणत, पण पहिला हात तिथेच घालायचा.

मग इंजिन चालू करून लो बीम लावायचा आणि वीस ते तीस मिनिटं थांबायचं. थांबणं हेच इथे हत्यार आहे. साधी वाफ मधून साफ व्हायला लागते आणि कडेकडे सरकत जाते. एलईडी असेल तर अजून थोडा वेळ द्या. अर्ध्या तासाने काहीच फरक नाही, किंवा थेंब मोठे होऊन ओघळायला लागले, तर ती साधी वाफ नाही.

बल्ब थंड झाल्यावर मागून बघायचं. हॅलोजन बल्बची काच काही शे अंशांपर्यंत तापते, त्यामुळे घाई करून बोट भाजून घेऊ नका. थंड झाल्यावरही काचेला उघडं बोट लावू नका, बोटाचं तेल राहतं, तिथेच काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. सुती हातमोजे किंवा स्वच्छ कापड वापरा. काही महागड्या जुन्या गाड्यांत झेनॉन दिवे असतात, ते पेटताना हजारो व्होल्ट तयार होतात. ती गाडी सरळ कंपनीच्या वर्कशॉपकडे पाठवा, हात घालू नका.

मागे काय काय सापडतं? रबरी टोपी कडक होऊन फाटलेली, हे सगळ्यात जास्त. चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर सहज जातो, त्यात वरून इंजिनची गरमी, रबर टिकणार किती? दुसरं, हवेची वाकडी नळी निसटून पडलेली किंवा चिखलाने बुजलेली. कच्च्या रस्त्यावरच्या गाड्यांत चिखल, आणि गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यांच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाड्यांत ती करडी धूळ. पाऊस लागल्यावर तिचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. तिसरं, कुंभारीण माशीचं मातीचं घर. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत या माशीला अशी छिद्रं फार आवडतात. बारीक तारेने हळूच काढायचं, आत ढकलायचं नाही.

गळतीच्या खुणाही असतात. तळाशी मातीची रेघ, नदीला पूर येऊन गेल्यावर भिंतीवर राहते तशी. बल्बच्या क्लिपला गंज. रिफ्लेक्टरवर पांढुरके डाग. कपलर काळा पडलेला. यांतलं काहीही दिसलं तर गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायचं आणि मोबाइलवर फोटो काढायचा.

साध्या वाफेवाल्याला काय सांगायचं

हा धड्याचा सगळ्यात अवघड भाग. कारण इथे पैसे समोर दिसत असतात.

समजा सकाळी एक पिकअपवाले काका आले. दोन्ही लाइट पांढरे. तुम्ही अर्धा तास लाइट लावून ठेवला, वाफ गेली. टोपी ठीक, नळी ठीक. आता मनात येतं, लाइट खोलून ड्रायर मारू, ‘सील केलं’ म्हणून सहाशे घेऊ. काकांना कळणारही नाही. पण परवा पुन्हा पाऊस पडेल, पुन्हा लेन्स पांढरी होईल, आणि काका स्टँडवर उभे राहून दहा ड्रायव्हरांना सांगतील. पुण्या-मुंबईत एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. जिवतीत गाड्या मोजक्या आणि बसायचा कट्टा एकच.

त्यापेक्षा बोलणं असं ठेवा :

‘काका, हे पाणी गळून आलेलं नाही. हवेतला ओलावा आहे. बघा, अर्ध्या तासात गेला.’

‘मंग रोज सकाळी कशाले येते?’

‘रात्री गाडी गार पडते म्हणून. तुमच्या स्टीलच्या पेल्याला घाम येतो तसं. टोपी, नळी मी बघितली, दोन्ही चांगल्या आहेत. लाइट लावला की जाईल. तळाशी पाणी साचलेलं दिसलं किंवा दिवसभर वाफ राहिली, तर मात्र लगेच आणा.’

‘पैसे किती झाले?’

‘तपासणीचे शंभर.’

तपासणीचे पैसे घ्या. फुकट करू नका. आपल्याकडे काहीतरी बदललं तरच पैसे द्यायची सवय आहे, हे खरं. पण तुम्ही त्यांना काही हजारांचा नवीन लाइट घेण्यापासून वाचवलं, अर्धा तास दिला, मागून सगळं उघडून बघितलं. बोर्डावर आधीच लिहून ठेवा : ‘हेडलाइट तपासणी १०० रुपये. काम निघाल्यास बिलातून वजा.’ आधी लिहिलेलं असलं की घासाघीस कमी होते.

गाडी वॉरंटीत असेल तर आणखी एक सल्ला. लाइट खोलूच नका. फोटो काढून द्या आणि शोरूमला पाठवा. तुम्ही खोलला की वॉरंटीचा वाद तुमच्या गळ्यात.

जिथे काम आहे तिथे काय करायचं

टोपी, ओ-रिंग, हवेची नळी, ही कामं तासाभरात होतात. टोपी शक्यतो त्याच मॉडेलची घ्या. जवळपास बसणारी टोपी लावून वरून सीलंट थापणं म्हणजे पुढच्या वेळी बल्ब बदलणाऱ्याला शिवी द्यायला लावणं. तुमच्या भागात चालणाऱ्या चार-पाच गाड्यांच्या टोप्या ठेवल्या तरी सुरुवातीला पुरतं. सगळ्या मॉडेल्सचा माल भरून ठेवू नका.

आत पाणी असेल तर बल्ब आणि टोप्या काढून, लाइट बाहेर घेऊन, उपडा करून निथळू द्या. मग केस वाळवायचा ड्रायर कमी गरमीवर, लांबून, हलवत. एका जागी धरला तर प्लॅस्टिक वाकडं होतं. ऊन असेल तर ऊन सगळ्यात चांगलं, पण जुलैत पहाडावर उन्हाची वाट बघत बसाल तर गिऱ्हाईक पळून जाईल.

आतल्या रिफ्लेक्टरला कापड लावायचं नाही. स्पिरिट नाही, कॉलिन नाही, बोटसुद्धा नाही. ती चमक म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. एकदा पुसला की गेला, आणि उजेड कायमचा कमी. डाग राहिला तर राहू द्या.

गळती कुठून आहे ते शोधायला सायकलच्या पंक्चरची पद्धत, पण हळू हाताने. एक सोडून सगळी छिद्रं टेपने बंद करा, उरलेल्या छिद्रात नळी लावून तोंडाने हलकी फुंक मारा, आणि जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती. वॉशिंग सेंटरचा कॉम्प्रेसर लावू नका. चांगला जोडही उसवेल. आणि काम झाल्यावर टेप काढायची आठवण ठेवा, नाहीतर गाडी आठवड्याने जास्त पाणी घेऊन परत येईल.

सीलंट घेताना वास घ्या. काही सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. सुकताना त्यातून आम्लाची वाफ निघते आणि बंद डब्यात ती रिफ्लेक्टर खराब करते. दुकानात ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा, किंवा हेडलाइटसाठी मिळणारी ब्युटाइलची पट्टी. लेन्सच्या कडेला बाहेरून बारीक फट असेल तर जागा साफ करून, पूर्ण कोरडी करून, मग भरा. ओल्यावर काहीच धरत नाही.

लाइट गरम करून लेन्स उघडायची, आतून साफ करून पुन्हा बसवायची, असे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नका. काही लाइटचा सीलंट गरम केल्यावर मऊ होतो, काहींचा होतच नाही आणि लेन्स तुटते. तुटली तर नवीन लाइट तुमच्या खिशातून. असं काम आलं तर चंद्रपूरला हे काम रोज करणारा माणूस शोधून त्याच्याशी ठरवून घ्या. तुम्ही काढायचा, पाठवायचा, आल्यावर बसवायचा.

आता जुगाडांबद्दल दोन शब्द. तळाला ड्रिलने भोक पाडणे : पाणी जातं, मग त्याच भोकातून धूळ येते आणि सहा महिन्यांत रिफ्लेक्टर मातेरं. आत मिठाची पुरचुंडी ठेवणे : मीठ पाणी ओढतं हे खरं, पण सुटलेलं खारं पाणी क्लिप आणि तारा खातं. बुटाच्या डब्यातली सिलिका जेलची पुडी : काही कंपन्या स्वतःच टोपीच्या आत अशी व्यवस्था करतात, पण ती बांधलेली असते. सुटी पुडी घसरून गरम बल्बला टेकली तर? आणि गळती तशीच असेल तर पुडी दोन दिवसांत भिजून बसते.

लाइट परत बसवल्यावर उजेडाची रेघ बघितल्याशिवाय गाडी सोडू नका. हे फार जण विसरतात. काढायच्या आधीच गाडी सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर उभी करून लो बीमची वरची कड खडूने भिंतीवर आखून ठेवा. बसवल्यावर त्याच रेघेवर आणा. आधीच चुकीचं होतं असं वाटलं तर साधा नियम असा की बहुतेक छोट्या गाड्यांचा लो बीम दर मीटरला साधारण १ सेंटीमीटर खाली जातो. म्हणजे ५ मीटरवर दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटीमीटर खाली. काही गाड्यांच्या बॉनेटखाली स्टिकरवर नेमका आकडा असतो, तो असेल तर तोच धरा. पिकअप रिकामी असताना रेघ जुळवली आणि मागे कापूस भरला की नाक वर होतं. मालकाला हे सांगून ठेवा आणि लेव्हलचं चाक असेल तर दाखवा.

हिशेब

खालचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका.

पावसाळ्यात आठवड्याला ६ गाड्या आल्या असं धरू. त्यांतल्या ३ साध्या वाफेच्या, तपासणी १०० प्रमाणे ३०० रुपये. २ गाड्यांना टोपी किंवा नळी, ३५० प्रमाणे ७०० रुपये, त्यात माल २४०. एक गळतीची, ९०० रुपये, त्यात माल २५०. एकूण आले १,९००, माल गेला ४९०, हातात १,४१०. वेळ लागला तीन तपासण्यांना दीड तास, दोन टोप्यांना दोन तास, गळतीला चार तास, मिळून साडेसात तास. तासाला १८८ रुपये पडले.

बघा, तास म्हणून वाईट नाही. पण महिन्याचे साडेपाच हजारच होतात आणि तेही पावसाळ्यात. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, जोडून करायचं काम आहे. एकट्या या कामासाठी दुकान भाड्याने घेऊ नका, कर्जही काढू नका. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत मिळतं म्हणून काढायलाच पाहिजे असं थोडंच आहे? ड्रायर, हातमोजे, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, बॅटरी, साबण, नळी, थोड्या टोप्या, दोन सीलंट. यातलं अर्धं तुमच्याकडे आधीच आहे. उद्यम नोंदणी मात्र करून घ्या, ती फुकट आहे. ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा.

वर्षभर काम पसरवायचं असेल तर महिने बघा. मे महिन्यात कडक झालेल्या टोप्या बदलून घ्या, म्हणजे पावसाआधी. त्या वेळी वाफ नसते म्हणून गिऱ्हाईक येत नाही, तुम्ही वॉशिंगला आलेल्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवायचं. जून ते सप्टेंबर मुख्य हंगाम. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू होतात, डिसेंबर-जानेवारीत पहाडावर धुकं, तेव्हा पुन्हा वाफेचे फोन. आणि वर्षभर पासिंग. भाड्याच्या, मालवाहू गाड्यांना फिटनेस लागतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. त्यात हेडलाइट बघतातच. चंद्रपूरला पासिंगला गेलेली एमएच ३४ लाइटमुळे परत आली तर मालकाचा एक दिवस, डिझेल आणि भाडं, तिन्ही बुडतं. त्यांच्यासाठी ‘पासिंगच्या आधी हेडलाइट तपासणी’ हे वेगळं काम म्हणून मांडा.

पहाडावर बोर्ड करताना एक गोष्ट. इथे मराठी आहे, गोंडी आणि कोलामी आहे, बंजारा आहे, मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेल्यांची बोली आहे, आणि हद्दीपलीकडून तेलुगू बोलणारेही येतात. बोर्डावर भरपूर मजकूर लिहिण्यापेक्षा एका बाजूला पांढरी पडलेली हेडलाइट आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ हेडलाइट, असे दोन मोठे फोटो लावा. खाली शंभरचा आकडा.

माल भरायच्या आधीचा गृहपाठ

तीन पावसाळी सकाळी, उजाडल्यावर लगेच, जिथे गाड्या लागतात तिथे जा. वही न्या. प्रत्येक गाडीचं मॉडेल, वाफ एकीकडे की दोन्हीकडे, तळाशी पाणी आहे का, बल्ब मूळचा की बाहेरचा एलईडी, हे लिहा. मालकाला विचारून बॉनेट उघडता आलं तर टोपी आणि नळीही बघा. पैसे मागू नका, काही विकू नका. निदान तीस गाड्या झाल्या की वहीत दोन गोष्टी दिसतील : तुमच्या गावात कोणत्या मॉडेलच्या टोप्या सगळ्यात जास्त फाटतात, आणि तीसपैकी किती गाड्यांना खरंच काम आहे. पहिल्या आकड्यावरून माल घ्या. दुसऱ्यावरून वरचा हिशेब पुन्हा मांडा आणि मग ठरवा. तुमच्या वहीतले आकडे खाली लिहा, गावाचं नाव टाकून. पुढच्या व्हिडिओत बाहेरून पिवळ्या पडलेल्या लेन्सच्या पॉलिशचा हिशेब घेतोय, तेव्हा त्याच तीस गाड्यांमध्ये लेन्स किती पिवळ्या आहेत तेही मोजून ठेवा.